बघायला काहीच नव्हतं

माझा इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा लाइव्ह सेट संपल्यावर मी केबली गुंडाळत होते तेव्हा एक मुलगा जवळ आला, विशीतला असेल, आणि अगदी मनापासून म्हणाला, ताई, आवाज भारी होता, पण खरं सांगू का, बघायला काहीच नव्हतं. त्यात टोमणा नव्हता हो. उलट त्यालाच कसंतरी होत होतं, की चाळीस मिनिटं आपण नक्की कुठे बघायचं हे त्याला कळलं नाही आणि शेवटी त्याने फोन बाहेर काढला. मी थँक्यू म्हटलं, सामान भरलं, घरी आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून मी याच एका प्रश्नाभोवती घुटमळतेय, की इलेक्ट्रॉनिक म्युझिक लाइव्ह वाजवताना समोरच्याच्या डोळ्यांनाही काही द्यावं लागतं का, आणि लागत असेल तर काय.

त्या चाळीस मिनिटांत माझे हात काय करत होते ते आधी सांगते. टेबलावर एक लॅपटॉप, एक छोटा सिंथ, एक ड्रम मशीन आणि सोळा नॉबचा एक कंट्रोलर. सेटच्या मध्यावर एक जागा येते जिथे बेसलाइनवरचा फिल्टर, म्हणजे आवाजाचा वरचा भाग अडवून धरणारी सोय, मी चार मिनिटं हळूहळू उघडत नेते. सुरुवातीला तो इतका बंद असतो की नुसती घुमघुम ऐकू येते, भिंतीपलीकडे कुणीतरी काहीतरी वाजवतंय अशी, आणि नॉब फिरत जातो तसे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरावरचे उपस्वर, एकेक करून सुटायला लागतात, आवाजाला आधी कडा येतात, मग दात फुटतात, आणि शेवटी सगळी खोली भरून जाते. कानासाठी हा केवढा तरी मोठा प्रवास आहे. आणि हाताचं म्हणाल तर अंगठा आणि तर्जनी, अर्धा फेरा, मिनिटाला जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. मध्ये मी दोनदा थांबते, कारण त्या दिवशी त्या खोलीत आवाज कसा बसतोय त्यावर पुढे किती जायचं ते ठरतं, कधी थोडं मागेही यावं लागतं. हे सगळं वाजवणंच आहे, माझ्या मते त्या सेटमधलं सगळ्यात अवघड वाजवणं आहे, आणि दहा फुटांवरून बघणाऱ्याला एक बाई टेबलावर वाकून उभी आहे एवढंच दिसतं.

ड्रमवाल्याचा हात वर जातो तेव्हाच आपल्याला कळतं की आता आवाज येणार आणि साधारण केवढा येणार. गाणारी व्यक्ती छाती भरून श्वास घेते तेव्हा आपलाही श्वास नकळत थांबतो. माणूस जेव्हापासून वाजवतोय-गातोय तेव्हापासून आवाज म्हणजे कुणाच्या तरी अंगाची मेहनत, हे समीकरण डोळ्याने आणि कानाने मिळून पक्कं करून ठेवलंय. ते समीकरण लाउडस्पीकरने मोडलं आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी तर त्याचे तुकडेच केले, कारण इथे एक बटण दाबून शंभर आवाज सुटू शकतात आणि चार मिनिटं जीव ओतून केलेलं काम दिसतसुद्धा नाही. मग ऐकणाऱ्याची अडचण होते ती दाद देण्याची. मराठीत दाद आणि टाळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला हा फरक फार मोलाचा वाटतो. टाळ्या शेवटी येतात, दाद मध्येच येते, त्या क्षणाला, आणि ती द्यायला आत्ता जे झालं ते अवघड होतं, किंवा आत्ता जे झालं ते ठरलेलं नव्हतं, हे ऐकणाऱ्याला कळावं लागतं. लॅपटॉपमागे उभ्या असलेल्या माणसाला दाद कुठे द्यायची? तो मुलगा खरं तर हेच विचारत होता, फक्त त्याने ते बघण्याच्या भाषेत विचारलं.

पण हे मला तेव्हा समजलं नाही. तेव्हा मी चिडले होते, आणि चिडल्यावर माणूस आपल्या बाजूचे पुरावे गोळा करतो तसे मीही केले. पुरावे भरपूर आहेत. पायथागोरस म्हणे पडद्याआड बसून शिकवायचा, म्हणजे शिष्यांचं लक्ष त्याच्याकडे न जाता बोलण्याकडे जावं, आणि त्या नुसतं ऐकणाऱ्या शिष्यांच्या नावावरून फ्रेंच लोकांनी शब्द उचलला, अकूस्मॅटिक, म्हणजे जो आवाज ऐकू येतो पण कुठून येतोय ते दिसत नाही तो. पिएर शेफेरने 1948 मध्ये पॅरिसच्या रेडिओवर रेल्वेचे, भांड्यांचे वगैरे रेकॉर्ड केलेले आवाज जोडून केलेल्या रचना ऐकवल्या, तिथपासून ही परंपरा चालू झाली, आणि 1974 मध्ये फ्रांस्वा बेलने तर अकूस्मोनियम नावाचा लाउडस्पीकरांचा अख्खा ऑर्केस्ट्राच उभा केला. स्टेजवर लहानमोठे, उंच-बुटके स्पीकर मांडून ठेवलेले, माणूस एकही नाही, आणि वाजवणारा श्रोत्यांच्या मधोमध मिक्सरवर बसून आवाज या स्पीकरकडून त्या स्पीकरकडे नेतोय. ऑटेकर ही इंग्लंडमधली जोडी हॉलमधले सगळे दिवे बंद करायला लावून मिट्ट काळोखात वाजवते. स्पेनचा फ्रान्सिस्को लोपेझ तर ऐकणाऱ्यांना डोळ्यांवर बांधायला पट्ट्या देतो. आणि हे फक्त इलेक्ट्रॉनिकवाल्यांचंच खूळ आहे असंही नाही, जर्मन ऑपेराकार वाग्नरने 1876 मध्ये बायरॉइटला जे थिएटर उघडलं त्यात ऑर्केस्ट्रा स्टेजखाली असा झाकून टाकलाय की प्रेक्षकाला एकही वादक दिसत नाही.

हे सगळं वाचून मी ठरवूनच टाकलं की बघणं ही ऐकण्यात आलेली लुडबूड आहे. पुढचे तीन-चार सेट मी जवळजवळ अंधारात केले. आणि खरंच सांगते, अंधारात काहीतरी होतं. पहिली पाच मिनिटं लोक चुळबुळतात, खोकतात, खुर्च्या वाजतात, मग हळूहळू शांत होतात, आणि शांतता अशी काही घट्ट होते की मी विरत जाणाऱ्या आवाजाची शेपटी थोडी लांबवली तरी ती समोर पोचतेय हे मला जाणवतं. आवाजाला अंधारात जागा जास्त मिळते. डावीकडून उजवीकडे सरकणारा एखादा खरखरीत आवाज उजेडात नुसता सरकतो, अंधारात तो अंगावरून जातो.

मग मला एका प्रयोगाबद्दल कळलं आणि माझी ठाम मतं जरा हलली. मायकल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकोम या दोघांनी 2007 मध्ये मरिंबावर केलेला प्रयोग आहे. मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, त्यावर एकदा काठी पडली की स्वर किती वेळ टिकणार हे वादकाच्या हातात फारसं राहत नाही. तरी मरिंबावाले पिढ्यान्‌पिढ्या लांब स्वरासाठी हात लांब, गोल फिरवतात आणि तोकड्या स्वरासाठी झटकन उचलतात. आता नुसता आवाज ऐकवला तर दोन्हींत लोकांना काही फरक कळला नाही. पण व्हिडिओसकट ऐकवल्यावर लांब हात बघणाऱ्यांना स्वर खरोखर लांब ऐकू आला, आणि तेसुद्धा फक्त आवाजावरून ठरवा असं बजावून सांगितलेलं असताना. माझं पहिलं म्हणणं असं होतं की मग ही फसवणूकच झाली. पण जितका विचार केला तितकं ते म्हणणं टिकेना, कारण स्वर ऐकणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण होतो आणि तिथे तो खरंच लांब झाला, म्हणजे हात हा त्या स्वराचाच भाग होता की.

चिया-जुंग त्साय यांचा 2013 चा अभ्यास तर अजूनच अस्वस्थ करणारा आहे. शास्त्रीय संगीताच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या अंतिम फेरीतले छोटे तुकडे लोकांना दिले आणि जिंकलं कोण ते ओळखायला सांगितलं. बहुतेक सगळे म्हणाले आवाजच महत्त्वाचा. आणि ओळखलं कुणी, तर ज्यांना नुसता मुका व्हिडिओ दाखवला त्यांनी. नुसता आवाज ऐकणाऱ्यांचं उत्तर नाणं उडवून काढल्यासारखंच येत होतं, आणि त्यात पेशाने संगीतकार असलेले लोकही होते. म्हणजे कानाचे पक्के म्हणवणारे आपण डोळ्याने ऐकत असतो, आणि ते आपल्याला माहीतही नसतं.

मग उरलं काय, मोठा स्क्रीन घ्या, त्यावर भारी व्हिज्युअल्स चालवा आणि विषय संपवा? बहुतेक जण हेच करतात आणि मला यातलीच सगळ्यात जास्त भीती वाटते. भव्यतेला माझा विरोध नाही. 2006 मध्ये अमेरिकेतल्या कोचेला फेस्टिवलमध्ये डाफ्ट पंक ही फ्रेंच जोडी त्या चकाकत्या पिरॅमिडमध्ये उभी राहिली त्याचे रेकॉर्डिंग बघून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, आणि ज्याँ-मिशेल जारने 1986 मध्ये ह्यूस्टन शहराच्या उंच इमारतींचाच पडदा करून दहा लाखांहून जास्त लोकांपुढे वाजवलं ती कल्पनाच केवढी मोठी आहे. पण या भव्यतेची एक आतली किंमत असते जी बघणाऱ्याला सहसा माहीत नसते. दिवे, लेझर, आगीचे फवारे, स्क्रीनवरची प्रत्येक फ्रेम आवाजाबरोबर अचूक पडायची तर सगळं एका टाइमकोडला बांधावं लागतं, सेकंदाचे तुकडे मोजत जाणारं ते एक घड्याळ असतं आणि सगळी यंत्रणा त्याच्या मागे चालते. एकदा बांधलं की बांधलं. मग आज लोक जरा थकलेले वाटतायत, हा भाग दोन मिनिटं लांबवूया, किंवा ही जागा आज नकोच, असं वाजवणाऱ्याला करता येत नाही, कारण एकोणिसाव्या मिनिटाला आग येणार म्हणजे येणार. डेडमाउस या कॅनडाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने 2012 मध्ये उघडपणे लिहिलं होतं की मोठ्या शोमध्ये आम्ही सगळे जवळपास प्ले दाबतो आणि खरं कौशल्य स्टुडिओत दिसतं, आणि त्यावरून बरीच आदळआपट झाली, पण तो खोटं बोलत नव्हता. बघण्याची मेजवानी जेवढी मोठी तेवढं वाजवणाऱ्याचं स्वातंत्र्य कमी, हा हिशोब तांत्रिक आहे, त्यात कुणाची नियत खराब असायची गरज नाही.

आणि एवढं करूनसुद्धा मागच्या माणसापर्यंत काय पोचतं बघा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, स्क्रीनचा उजेड मात्र लगेच पोचतो, म्हणजे स्टेजपासून 100 मीटर मागे उभं असलात तर बीटचा आवाज चमकेच्या मागून जवळजवळ 0.3 सेकंदाने येणार, आणि मिनिटाला 128 बीट्सच्या ट्रॅकमध्ये हा अर्ध्या बीटहून जास्त उशीर झाला. स्टुडिओत महिनोन्‌महिने घालवून जुळवलेली फ्रेम तिथे चक्क बेताल पडते.

लहान पातळीवर हा प्रकार कसा होतो ते मी स्वतः केलंय. अंधारातून बाहेर यायचं ठरवलं तेव्हा एका मित्राने माझ्यासाठी व्हिज्युअल्स बनवली, फार देखणी होती, शाई पाण्यात सोडल्यासारखी निळी-काळी, वेगळ्या लॅपटॉपवरून प्रोजेक्टरला जायची. तिसऱ्या शोला, बरोबर त्या फिल्टरच्या जागेच्या थोडं आधी, माझा लॅपटॉप हँग झाला. आवाज कापल्यासारखा बंद. मी स्क्रीनकडे बघतेय, कर्सर हलत नाहीये, कानात स्वतःचं रक्त ऐकू येतंय, आणि माझ्या मागे सहा फूट उंच शाई पाण्यात शांतपणे पसरतेय, तिला काही फरकच पडलेला नाही. आणि समोरच्यांनाही पडला नाही! वीस-पंचवीस सेकंद लोक तशाच चेहऱ्याने त्या शाईकडे बघत राहिले, त्यांना वाटलं हा त्या पीसमधलाच शांत भाग आहे. मला आजवर वाजवताना एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. मी गप्प झाले होते आणि माझ्या मागचं चित्र माझ्याशिवाय छान चाललं होतं, म्हणजे गेले तीन शो लोक नक्की कुणाला भेटत होते?

लॅपटॉप बंद करून परत चालू व्हायला वेळ लागणार होता. ड्रम मशीन मात्र स्वतंत्र होतं, ते लॅपटॉपच्या घड्याळावरून काढलं आणि हाताने वाजवायला लागले. एक किक. मग थांबून अजून एक. हात थरथरत होते त्यामुळे अंतर नीट पडत नव्हतं, पाचवी किक तर चांगलीच पुढे गेली, आणि तेव्हा पहिल्यांदा पुढच्या रांगेतल्या लोकांच्या माना प्रोजेक्शनवरून खाली आल्या, माझ्या हातांकडे. मग कुणीतरी म्हणालं, ए, ती वाजवतेय. मी ते ऐकलं. हळूहळू हॅट आली, मग क्लॅप, आणि लॅपटॉप परत सुरू होऊन मी बेस आत घेतला तेव्हा जो आवाज लोकांमधून उठला तो ड्रॉपवर, म्हणजे ताणून धरलेला बीट एकदम कोसळतो तेव्हा, उठतो तसला नव्हता, एखादा माणूस पडता पडता सावरला की बघणाऱ्यांच्या तोंडून निघतो ना, तसला होता. व्हिज्युअल्स चालूच होती, पण आता त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. चुकीमुळे जे झालं ते दरवेळी चूक करून मिळवता येणार नाही हे मला कळत होतं, पण लोकांचे डोळे कशासाठी भुकेले होते ते मात्र त्या रात्री समजलं. इथे कुणीतरी आहे आणि जे होतंय ते तिच्या हातून होतंय, चुकूही शकतं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

यानंतर मी जुन्या लोकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. थेरमिन घ्या, 1920 च्या सुमाराचं वाद्य, हात न लावता वाजतं, एका अँटेनाजवळ हात नेला की सूर चढतो, दुसऱ्याजवळ नेला की आवाज कमी होतो. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अगदी सुरुवातीलाच इतकं प्रेक्षणीय वाद्य आलं, आणि गंमत म्हणजे ते नीट वाजवायचं तर शरीर पुतळ्यासारखं स्थिर ठेवावं लागतं, कारण मान डोलली तरी सूर ढळतो. क्लारा रॉकमोरचे व्हिडिओ बघा. ताठ उभी, चेहरा दगडासारखा, फक्त बोटं हवेत उघडमीट करतायत, आणि नजर तिच्यावरून हटत नाही, कारण ती हलली तर काय होईल हे आपल्याला समजलेलं असतं.

आणि संगीतकार ॲल्विन लुसिए. 1965 मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात या माणसाने जे केलं त्याइतकं या विषयावर मला कुणीच शिकवलेलं नाही. तो खुर्चीत बसला, कपाळाला इलेक्ट्रोड लावलेले, आणि डोळे मिटले. मेंदूत अल्फा लहरी असतात, सेकंदाला आठ ते बारा वेळा हेलकावे घेणाऱ्या, त्या माणूस जागा पण निवांत असताना आणि डोळे मिटलेले असताना चांगल्या उमटतात. कानाला ऐकू येण्याइतक्या त्या वेगवान नसतात. म्हणून त्याने त्या प्रचंड मोठ्या करून स्पीकरमध्ये सोडल्या आणि स्पीकर ड्रमला, गाँगला, झांजांना टेकवून ठेवले, म्हणजे स्पीकरचा कागद थरथरला की ड्रम वाजणार. आता विचार करा, स्टेजवर एक माणूस काहीही न करता बसलाय आणि खोलीभर ठेवलेली वाद्यं आपोआप घुमतायत. त्याने डोळे उघडले, काही बघायला लागला किंवा मनात आकडेमोड करायला लागला, की लहरी विरणार आणि आवाज बंद. वाजवायचं तर वाजवायचा प्रयत्न सोडावा लागतो. यापेक्षा कमी हालचाल असलेला लाइव्ह परफॉर्मन्स असू शकत नाही, आणि तरी तो बघताना डोळा हलवावासा वाटत नाही, कारण इलेक्ट्रोडची वायर दिसतेय, ड्रमला टेकलेला स्पीकर दिसतोय, मिटलेल्या पापण्या दिसतायत, आणि यातलं कशामुळे काय होतंय ते आपण डोळ्यांनी जोडू शकतो. मला तर तिथे बघणारी प्रत्येक व्यक्ती त्याच्या पापण्यांवर पहारा देतेय असंच वाटतं.

क्राफ्टवर्क या जर्मन बँडचं पण असंच काहीतरी आहे असं मला वाटतं, चार माणसं चार डेस्कमागे जवळपास न हलता उभी, पण तो स्थिरपणा त्यांनी लपवला नाही, तेच चित्र केलं, आपल्या जागी यंत्रमानव उभे केले. आणि त्याच लोकांनी 1981 च्या दौऱ्यात हातात मावणारी छोटी वाद्यं पुढे धरून पहिल्या रांगेतल्यांना बटणं दाबायला दिली, हे मला फार आवडतं, म्हणजे शंका असेल तर घ्या, तुम्हीच वाजवून बघा.

लाइव्ह कोडिंगवाल्यांनी तर हा गुंता सरळ कापलाच. ते स्टेजवर प्रोग्राम लिहून संगीत करतात, 2004 मध्ये हॅम्बुर्गला त्यांची टॉपलॅप नावाची संघटना झाली आणि त्यांच्या जाहीरनाम्यातली एक मागणी अशी की वाजवणाऱ्याने आपला स्क्रीन लोकांना दाखवावा, लपवालपवी नको. मला कोड फारसा कळत नाही. पण अशा एका सेटला मी बघत होते, मुलीने एक ओळ लिहिली, कर्सर त्या ओळीवर थांबला, तिने एक आकडा चारवरून सात केला, आणि एंटर दाबण्याआधी ती क्षणभर थांबली. ते थांबणं मी बघितलं. पुढे ताल असा काही तिरपा झाला की सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला, आणि तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना माझ्याइतकंच कमी कळत असणार.

नाचणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे हा प्रश्नच बराचसा फिजूल ठरतो. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकूसोने 1970 पासून आपल्या राहत्या लॉफ्टमध्ये पार्ट्या केल्या तिथे किंवा बर्लिनच्या ट्रेझोर क्लबच्या तळघरात 1991 नंतर लोक जमायचे तिथे डीजेकडे तोंड करून उभं राहायचं कुणाला कारण नव्हतं, लोक एकमेकांकडे बघत होते, धुरात आणि लुकलुकत्या स्ट्रोब दिव्यांत जेवढं दिसेल तेवढं. बघायला दुसरी नाचणारी माणसं होती आणि ती पुरत होती. पुढे मोठ्या फेस्टिवलांनी डीजेला उंच स्टेजवर मधोमध ठेवलं आणि हजारो लोकांची तोंडं एका दिशेला वळली, आणि एकदा तोंडं वळली की त्या दिशेला काहीतरी असायलाच हवं, मग स्क्रीन आला, मग स्क्रीन मोठा झाला. व्हिज्युअल्सची गरज संगीतातून कमी आणि खुर्च्यांच्या आणि स्टेजच्या मांडणीतून जास्त आली, असं माझं मत होत चाललंय.

म्हणजे माझं उत्तर आता साधारण असं आहे, की लाइव्ह इलेक्ट्रॉनिक संगीत प्रेक्षणीय असायलाच हवं असं नाही, पण आवाज आणि तो करणारा माणूस यांचं नातं एकतर दिसू द्यावं, नाहीतर सरळ दिवे घालवून डोळ्यांना सुट्टी द्यावी. सगळ्यात वाईट तो मधला प्रकार, पाठीमागे चिकटवलेलं सुंदर चित्र, ज्याला मी आहे की नाही याचा पत्ता नसतो. चित्र काढणाऱ्यांवर यात माझा राग नाही. उलट माझ्या त्याच मित्राला मी म्हटलं की तू लॅपटॉपवरून क्लिप लावू नकोस, माझ्याबरोबर टेबलाशी ये, खरी शाई खऱ्या ताटलीत सोड आणि मी काय करतेय ते ऐकून सोड. आम्ही दोनदा तसं केलंय. एकदा त्याची शाई आधी संपली, मग मी शेवटचा भाग तीन मिनिटं आधी गुंडाळला, आणि तो शेवट आजवरचा सगळ्यात चांगला झाला.

एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याच्याबद्दल सांगतात की पियानो स्टेजवर आडवा लावायची पद्धत त्याने रूढ केली, म्हणजे लोकांना त्याचे हात आणि चेहरा बाजूने दिसावेत. हे वाचल्यावर पुढच्या सेटला मी स्टेजवर जायचं नाही असं ठरवलं. टेबल हॉलच्या मधोमध आणलं, लॅपटॉप झाकण अर्धं मिटवून बाजूला सारला, कंट्रोलर आणि सिंथ कडेला ओढले, आणि छतावरून वायर सोडून एकच पिवळा दिवा हातांवर टांगला. बाकी अंधार. ज्यांना बघायचंय त्यांनी टेबलाभोवती यावं, बाकीच्यांनी कुठेही बसावं, झोपावं, नाचावं.

फिल्टरच्या जागेला आले तेव्हा टेबलाच्या कडेला सात-आठ जण असतील. उरलेले लांब भिंतीला टेकून होते, काही जण पाठ करून नाचत होते आणि मला ते छान वाटलं. नॉब पकडला. एक बाई माझ्या अंगठ्याकडे बघत होती, अगदी जवळून, सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. दीड मिनिटाने मी थांबले, खोली ऐकली, आवाज जरा जास्तच धारदार होत होता, म्हणून दोनच मिलिमीटर मागे आले. ती हलकेच "हां" म्हणाली. बाकी कुणाला ऐकू गेलं नसेल. मी वर बघितलं नाही, अजून अडीच मिनिटांचं काम बाकी होतं.

नंतर केबली गुंडाळताना ती आली आणि तिने विचारलं की डावीकडचा तो छोटा डबा काय करतो, तुम्ही त्याला एकदाच हात लावलात. मी तो परत प्लगमध्ये लावला आणि हेडफोन तिच्या हातात दिला.